शेऱ्याचा रकाना

"सायेब, ह्ये गुलाबी तिसरं," म्हणत पोस्टमन गुरवने कार्ड माझ्यापुढे धरलं आणि तोंड पार्किंगमधल्या स्कूटरींकडे फिरवलं. त्याने तोंड फिरवलं म्हणजे कार्ड वाचून झालं होतं.

मी हातात घेतलं. छापील होतं. 'परित्यक्ता, घटस्फोटिता व विधवा भगिनींसाठी खास वधू-वर मेळावा. झालं गेलं विसरा, नवा डाव मांडा. रविवारी सकाळी दहा वाजता. पहिल्या पन्नास जणींना नाश्ता मोफत.' मागे पत्ता होता: सौ. पद्मजा, द्वारा श्री. नेमगोंडा आरवाडे, फ्लॅट नं. ११, कृष्णातीर सोसायटी, सांगली.

"पाकिटात घालून पाठवायला काय धाड भरते यांना?" मी म्हणालो.

"उघडं असलं की चार माणसं वाचत्यात," गुरव म्हणाला. "जाहिरातच की ती."

चार माणसं वाचून मोकळीही झाली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कोठावळे बाई मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, पण मेथी त्या खाली पत्रपेट्यांसमोरच निवडायच्या. वर बातम्यांचा उजेड कमी पडायचा.

"पद्मजाचंच ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "तिचा नवरा मस्कतला आहे म्हणतात. मग हे परित्यक्ता कशाला? चुकून येत असेल."

"चुकूनच," मी म्हणालो आणि कार्ड अकरा नंबरच्या पेटीत सरकवलं.

"तीनदा चुकतंय," बाई म्हणाल्या आणि मेथीचं एक पिवळं पान खुडून टाकलं.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. मी पाटबंधारे खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो होतो. बत्तीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलं. आलेला कागद आवकेत, गेलेला जावकेत, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. माणसंही मी त्याच नजरेने बघायचो. कोण कुठून आलं, कुठे चाललंय, आणि मधे काय लपवतंय. निवृत्तीनंतर तीन महिन्यांत सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं, आणि मला नको म्हणता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. यातला पहिला भाग खरा.

त्या उन्हाळ्यात आमच्या चोवीस पत्रपेट्यांना नुसता पान्हा फुटला होता. पाण्याचे फिल्टर, सुटाचं कापड, पनवेलजवळचे प्लॉट, विमा, गुडघ्यांचं तेल. लोकांना पेटीतून लाइटचं बिल शोधायला दहा मिनिटं लागायची. गंमत म्हणजे जाहिरात अगदी घर ओळखून यायची. सात नंबरच्या मगदुमांना केस उगवायचं तेल, आणि मगदूम तर विग घालायचे. कोठावळे बाईंना पोट कमी करायचा पट्टा. चौदामधल्या जोगळेकर आजोबांना कानाचं यंत्र. त्यांच्या सुनेनेही अजून मान्य केलं नव्हतं की त्यांना ऐकू येत नाही. ती म्हणायची, ऐकत नाहीत.

"खांबेटे, या लोकांना माझं डोकं कुठून दिसलं हो?" मगदूम एकदा जिन्यात म्हणाले आणि हसले.

मीही हसलो. जरा जास्तच हसलो.

त्या दिवशी दुपारी तीनला आमची बेल वाजली. दारात आरवाडे सर. हे हायस्कुलात गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पद्मजाचे वडील. एरवी ते बेल वाजवत नसत, जिन्यातूनच "खांबेटे, आहात का?" म्हणत आत यायचे.

"या सर, चहा टाकते," माझी बायको कुमुद म्हणाली.

"चहा नको, वहिनी."

सर खुर्चीच्या कडेला बसले. खिशातून तीन गुलाबी कार्डं काढून त्यांनी टीपॉयवर पालथी ठेवली.

"सेक्रेटरी म्हणून तुमच्याकडे आलोय. हे थांबवता येईल का?"

"बघतो ना, सर. काहीतरी करतोच."

"पद्मजा आज कॉलेजला गेली नाही. कालही नाही. खाली उतरायचं म्हणजे त्या पेट्यांसमोरून जावं लागतं. एम.एड.ची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. ही परीक्षा झाली तर तिला नोकरी आहे, आणि नोकरी मिळाली तर..." ते थांबले. "तर ती उभी राहील. नाहीतर घरात बसेल. तिची आई गेल्यापासून मला स्वयंपाकाची नाही, पण तिच्या घरात बसण्याची भीती वाटते."

"मी उद्याच गुरवशी बोलतो."

"आणखी एक." सरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "कार्डं थांबतील. पण हे बाहेर गेलं कसं, हा प्रश्न उरतोच. मस्कत-बिस्कत काही नाही, जावई बेळगावातच आहे, आणि तो मुलीला नांदवत नाही. ही गोष्ट आम्ही या बिल्डिंगमध्ये एकाच माणसाला सांगितली होती. मी नकोच म्हणत होतो. पद्मजा म्हणाली, बाबा, काकू वेगळ्या आहेत."

कुमुद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चिमटा तसाच.

"सर, मी कुणालाही..."

"मी नाव घेतलं का, वहिनी?" सर शांतपणे म्हणाले. "गणितात नाव घ्यावं लागत नाही. सगळी पदं गेली की जे राहतं ते उत्तर."

ते गेले. कार्डं टीपॉयवर तशीच होती. कुमुदने ती उचलली, एकावर एक ठेवली, पुन्हा खाली ठेवली.

"मी तर तुम्हालासुद्धा सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "दीड वर्षं."

"काय सांगितलं नव्हतंस?" मी विचारलं. हा आवाज मी नोकरीत गहाळ झालेल्या फायलींसाठी वापरायचो.

मग तिने खाली बसून सगळं सांगितलं. लग्नानंतर चारच महिन्यांत नवऱ्याने कसं आणून सोडलं, सामान टेम्पोतून कसं आलं, सरांनी मस्कत कसं शोधून काढलं. रोज चार वाजता पद्मजा आमच्याकडे पुस्तक घेऊन यायची आणि दोघी तासभर बोलत बसायच्या. मला वाटायचं, भरतकाम, लोणची, सिरियली. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचो. मी आत डोकावलो की दोघींची लोणची सुरू व्हायची, हे मात्र मी टिपलं होतं.

ती सांगत होती आणि मी चेहऱ्यावर पहिल्यांदा ऐकल्याचा भाव आणत होतो. यातलं टेम्पो सोडून मला सगळं ठाऊक होतं, तेही कोणी न सांगता. दीड वर्षात अकरा नंबरच्या पेटीत मस्कतचं एकही पत्र पडलं नव्हतं. आवक शून्य. उलट दर दीड-दोन महिन्यांनी बेळगावच्या एका वकिलाचं लांब पाकीट यायचं. सेक्रेटरी म्हणून पेट्यांच्या कुलपांची तक्रार बघायला मी खाली जायचो. कुलपांची तक्रार नसली तरी जायचो. दोन आणि दोन मीच मिळवले, आणि चार आल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

आणि जानेवारीत शिरगुप्पे आला होता.

गुळगुळीत दाढी, काखेत रेक्झिनची बॅग. कोल्हापूरच्या कुठल्याशा संपर्क सेवेचा माणूस. शहरातल्या कुटुंबांची निर्देशिका काढणार म्हणाला. प्रत्येक घराचं एक जाड कार्ड होतं, पिवळसर. नाव, माणसं, व्यवसाय, वाहन. आणि शेवटी एक मोठा मोकळा रकाना, त्यावर छापलेलं: शेरा.

"शेरा ऐच्छिक आहे साहेब," तो म्हणाला होता. "बहुतेक सोसायट्या मोकळाच सोडतात."

बत्तीस वर्षांत मी शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला नव्हता. पहिलं कार्ड मगदुमांचं. मी लिहिलं, 'डोक्यावरचे केस स्वतःचे नव्हेत. आशा मात्र सोडलेली नाही.' शिरगुप्पेने वाचलं आणि तो टेबलावर हात मारून हसला. "काय निरीक्षण आहे हो साहेब! लेखक व्हायला पाहिजे होतं तुम्ही."

त्या वाक्यावर मी उरलेली तेवीस कार्डं भरली. त्याने मला दुसरं काही दिलं नाही. मागितलं असतं तर एखादा पेन दिला असता, पण मला पेन नको होता. तो पुढचं कार्ड वाचून हसतो की नाही, एवढंच मी बघत होतो. अकरा नंबरला मी लिहिलं, 'मुलगी माहेरी परत आलेली. मस्कत खोटे. पुनर्विवाहास वय योग्य.' त्यावर तो हसला नाही. त्याने कार्ड वेगळं ठेवलं.

हे सगळं मी कुमुदला त्याच दुपारी सांगू शकलो असतो. ती समोर बसली होती, सर दोनच जिने वर होते. मी म्हणालो, "लोकांची तोंडं असतात. कळलं असेल कुठून तरी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मनाला लावून घेऊ नको?" तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, तिने विश्वासाने सांगितलेलं आहे. माझ्या आईनंतर मला कोणी विश्वासाने काही सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. शरमेला हाताशी काम दिलं की ती थोडा वेळ गप्प बसते.

गुरवला मी पहिल्यांदा सांगितलं, जाहिरातीचं टपाल पेट्यांत टाकूच नकोस. तो जीभ चावून म्हणाला, "न्हाई सायेब. पत्त्यावर टाकणं माझं काम. मला काय कळतंय कोणाला काय हवं? पण ज्याचं टपाल त्यानं 'घेण्यास नकार' लिहून सही करून दिली, की मी आलं तसं माघारी धाडतो. कायदाच हाय."

"आणि चोवीस घरांनी मला अधिकार दिला तर?"

"तर तुम्ही एकटं बसा सह्या मारत. मला काय."

मग मी ती योजना आखली. अजूनही सांगतो, योजना चोख होती. लोकांना जाहिराती नको असतात, पण नको म्हणायचा कंटाळा असतो. कंपनीचा पत्ता शोधा, पत्र लिहा, पोस्टात जा. त्यापेक्षा ते तेलाची जाहिरात वर्षभर रद्दीत टाकत राहतील. म्हणून मी नकाराचं कार्डच छापून घेतलं. घरच्या माणसाने फक्त नाव आणि सही करायची. पत्ते मी लिहिणार, पेटीत मी टाकणार. दुसरा कागद अधिकारपत्राचा. तोपर्यंत जे येईल ते दुपारी बारा वाजता मी जिन्याखाली स्टुलावर बसून परत पाठवणार. प्रत्येकाने पेटीवर, काय घ्यायचं ते लिहायचं: बँक, नातेवाईक, बिलं. बाकी सगळं नको.

नकाराच्या कार्डावरचा मजकूर माझाच. 'महोदय, आमचे नाव आपल्या यादीतून त्वरित कमी करावे. यापुढे कोणतेही जाहिरात साहित्य पाठवू नये. आमच्या कुटुंबाविषयीचे मूळ कागद आपल्याकडे असल्यास ते परत करावेत, ही विनंती.'

शेवटचं वाक्य मी विचार करून लिहिलं नाही. ते हातानेच लिहिलं. आमच्या टेबलावरून जाणाऱ्या निम्म्या पत्रांचा शेवट 'मूळ कागद परत करावेत' असाच असायचा, आणि बत्तीस वर्षांत कोणी कधी परत केले नव्हते.

सह्या घ्यायला मी घरोघर फिरलो. कोठावळे बाई म्हणाल्या, "सगळं बंद करा, पण पट्ट्याचं येऊ द्या. घेणार नाहीये मी. चित्र बघायला बरं वाटतं." जोगळेकर आजोबांनी सही केली आणि विचारलं, "कशाची वर्गणी?" आरवाड्यांकडे पद्मजाने दार उघडलं. परकरी मुलगी दिसावी अशी दिसत होती, केस विंचरलेले नव्हते. कार्ड दारावर टेकवून तिने सही केली.

"थँक यू, काका. तुम्ही एवढं करताय."

"माझं कामच आहे," मी म्हणालो आणि भराभर जिना उतरलो.

प्रत्येक कंपनीला चोवीस कार्डं गेली. कोल्हापूरच्या संपर्क सेवेलाही गेली. तिचा पत्ता मला कसा ठाऊक, असं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात गुलाबी कार्ड आलंच नाही. तिसऱ्यात तेल आटलं, प्लॉट आटले. पेट्यांत लाइटची बिलं एकटी पडून राहू लागली. पद्मजा खाली उतरायला लागली, परीक्षेला जाऊन आली. पण चार वाजता आमच्याकडे येईना. कुमुद रोज पावणेचारला दार सताड उघडायची आणि म्हणायची, "हवा येऊ दे जरा." साडेचारला लावून घ्यायची.

एके दुपारी मी स्टुलावर बसलो होतो, कुमुद बाजारातून आली आणि नेमकी पद्मजा जिना उतरत होती.

"पद्मा, पेपर कसे गेले गं?"

"बरे गेले, काकू."

"शैक्षणिक मानसशास्त्राची भीती होती ना तुला?"

"झालं ते." पद्मजाने तिला वाट करून दिली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, मोठ्या माणसाला देतात तशी. कुमुद पिशवी घेऊन वर गेली. तिने वर जाताना कठडा धरला. ती कधी कठडा धरत नसे.

मी समोरच्या विम्याच्या पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिलं आणि खाली सही केली.

जूनमध्ये गच्चीवर वार्षिक सभा झाली. मगदुमांनी ठराव मांडला की, सेक्रेटरींनी सोसायटीला जाहिरातींच्या जाचातून सोडवलं, शेजारच्या तीन सोसायट्या आपली पद्धत उचलतायत, तेव्हा त्यांचा सत्कार व्हावा. शाल-नारळ आधीच आणून ठेवले होते. सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणून आरवाडे सरांना पुढे बोलावलं.

बायकांच्या रांगेत कुमुद एका टोकाला बसली होती. तिच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, पलीकडे कोठावळे बाई आणि इतर. रिकाम्या खुर्च्या गच्चीवर आणखीही होत्या. पण या खुर्चीवर कोणी का बसलं नाही हे मला नेमकं कळत होतं. मला नेहमी सगळं नेमकंच कळतं.

सरांनी शाल घातली. नीट, दोन्ही टोकं सारखी करून.

"दोन शब्द बोला, सर," मगदूम म्हणाले.

"बाहेरून येणारं खांबेट्यांनी थांबवलं," सर म्हणाले. "माझ्या घरावर त्यांचे उपकार आहेत. आतून बाहेर जाणारं कसं थांबवायचं, ते मात्र ज्याचं त्याने बघायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी कुमुदकडे बघितलं. कुमुद माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, नवरा एवढा बोलका, दोन शब्द बोलेल. एवढंच म्हणेल की माझी बायको तसली नाही. खरं सांगायलाच हवं होतं असंही नाही, खोटं न ठरणारं एवढं एक वाक्य पुरलं असतं.

मी नारळ हातात धरून म्हणालो, "हा सत्कार माझा नसून सर्वांच्या सहकार्याचा आहे."

जुलैच्या सुरुवातीला, सोमवारी, गुरव आला तो दोन्ही हातांत गठ्ठा घेऊन.

"सायेब, चोवीस घरांना चोवीस. सारखीच पाकिटं. कोल्हापूरची कंपनी हाय. मारू नकार?"

सगळ्यात वरचं पाकीट अकरा नंबरचं होतं. डाव्या कोपऱ्यात संपर्क सेवेचा शिक्का. मी बोटांनी दाबून बघितलं. आत जाड कार्ड होतं. आणि एक चिठ्ठी, ती कागदातून अर्धवट वाचता येत होती: '...आपल्या विनंतीनुसार मूळ कागद परत...'

कोणीतरी माझ्यासारखाच असणार तिथे. टेबलावर बसलेला, आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा.

"मारू?" गुरवने पुन्हा विचारलं.

चोवीस नकार, चोवीस सह्या, आणि गठ्ठा संध्याकाळच्या गाडीने कोल्हापूरला गेला असता. पण तिथून तो पुन्हा येईल, आणि त्या दिवशी मी स्टुलावर नसेन, हा विचार आला. "राहू दे," मी म्हणालो. "मीच वाटतो."

गठ्ठा पिशवीत घालून घरी नेला. कुमुद मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी आतल्या खोलीत गेलो आणि दार लावलं. पाकिटं फोडली, कार्डं पलंगावर एका ओळीत मांडली. फाडायचीच होती, तरी मी आधी वाचली. माझं अक्षर, निळी शाई, बारीक आणि गोल. एकदोन शेऱ्यांवर, खरं लिहायचं तर, मला पुन्हा हसू आलं.

"दार का लावलंय हो?" कुमुदचा आवाज आला.

"काही नाही. जाहिराती आहेत. फाडतोय."

"जाहिराती फाडायला दार लावतात?" असं म्हणत तिने ढकललं. त्या दाराची कडी कधीच नीट बसत नसे.

तिने पलंगाकडे पाहिलं. माझं अक्षर ती चौतीस वर्षं ओळखत होती. किराणाची यादी त्यातच असायची. तिने ओले हात पदराला पुसले आणि अकरा नंबरचं कार्ड उचललं. वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"कुमुद, मला काय ठाऊक हे लोक असं..."

"सर इथे येऊन मला बोलून गेले, तेव्हा माहीत होतं. मी तुमच्यासमोर बसून सगळं सांगत होते, तेव्हाही. गच्चीवर?"

"होतं."

ती पलंगावरून नजर फिरवत होती. मला वाटलं, मगदूम, जोगळेकर वाचतेय. ती सहा नंबर शोधत होती. आमचं घर. सेक्रेटरीचंही कार्ड भरायचं होतंच की. मी पुढे झालो, तोवर तिने उचललं होतं.

मी तिथे लिहिलं होतं: 'स्वतः चोखंदळ, फसणार नाहीत. पत्नी भोळी. पोटात काही राहत नाही. विक्रेत्याने दुपारी तिलाच भेटावे.'

बाहेर कपड्यांतून पाणी ठिबकत होतं, त्याचा आवाज येत होता. शिरगुप्पे याच कार्डावर सगळ्यात जास्त हसला होता.

"बाकीची फाडा," ती शेवटी म्हणाली. "त्यांना दाखवून तुमचं मन हलकं होईल, त्यांचं जड होईल. ही दोन माझ्याकडे द्या."

"दोन?"

"सहाचं मला ठेवायचंय. अकराचं तुम्ही वर नेऊन द्यायचंय."

"उद्या जातो. सकाळी सर फिरून आले की..."

"चार वाजतायत. ती घरी असते. चला."

लोकांनी मला नंतर कधी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, मी स्वतः जाऊन कबूल केलं. म्हणून इथे लिहून ठेवतो, मी स्वतः गेलो नाही. ती पुढे चालत होती, मी मागून. त्या दिवशी तिने कठडा धरला नाही.

दार पद्मजाने उघडलं. कुमुदला बघून ती जरा मागे सरकली.

"काकांना तुला काही द्यायचंय," कुमुद म्हणाली आणि बाजूला झाली.

मी कार्ड पुढे केलं. काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो, ते जिन्यातच कुठेतरी राहिलं. पद्मजाने वाचलं. तिचा चेहरा पांढराही पडला नाही, लालही झाला नाही. तिने नोटीस बोर्डावरून दीड वर्षं हे अक्षर वाचलं होतं.

"मस्कत खोटं, हे कसं कळलं तुम्हाला?"

"पत्रं येत नव्हती," मी म्हणालो. "एअरमेल."

"हं." तिने मान हलवली, जणू गणितातली पायरी पटली. "बाबा म्हणत होते, त्यांचा एक विद्यार्थी तिथे आहे, त्याला सांगू महिन्याला एक पाठवायला. मीच नको म्हटलं. म्हटलं, कोण बघणारे आपली पेटी."

"पद्मजा, माझी चूक..."

"काका, तुम्हाला कळलं होतं ना सगळं. मग एकदा मला विचारायचं होतं, कशी आहेस म्हणून."

आतून सर आले. तिने कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढला आणि कार्डाकडे नाही, जमिनीकडे बघितलं. मुख्याध्यापक माणूस. आयुष्यभर मुलांना चुकीचं उत्तर खोडून दाखवलेलं.

मग ते कुमुदसमोर आले आणि त्यांनी हात जोडले. कुमुद घाईघाईने "अहो सर, हे काय, नको" म्हणाली. सर म्हणाले, "वहिनी, आत या."

पद्मजाने कुमुदचा हात धरून तिला आत नेलं. दार उघडंच होतं. मला या असं कोणी म्हटलं नाही. जा असंही नाही. मी थोडा वेळ पायपुसण्यावर उभा राहिलो आणि मग एकटाच खाली आलो. घरी येऊन उरलेली बावीस कार्डं बारीक फाडली. त्यांतलं एकूण एक मला अजून पाठ आहे.

सरांनी बिल्डिंगमध्ये एक शब्द काढला नाही. मी आणखी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, दर वर्षी बिनविरोध. कुमुदच्या बाजूच्या खुर्चीवर पद्मजा येऊन बसायला लागल्यावर बाकीच्याही बसायला लागल्या; का, ते त्यांना कळलं नसेल.

पद्मजा पुढच्याच सोमवारी आली. चार वाजता, हातात पुस्तक. मी आपला शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. दोघी बोलायला लागल्या, कैरीच्या लोणच्याबद्दल. मोहरी किती, मेथी किती. पंधरा मिनिटं लोणचंच चाललं होतं. तेव्हा मला कळलं, आणि मी उठून चपला घातल्या. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणालो. जिन्याच्या वळणापर्यंत पोचतो तोच वर घरात दोघींचे आवाज खाली आले, हलके, भरभर, पाणी सोडल्यासारखे.

पुढे तिला मिरजेला नोकरी लागेपर्यंत मी रोज चारला बाहेर पडायचो. पाच-सव्वापाचला परत आलो की ती गेलेली असायची, आणि ओट्यावर बशी झाकून माझा चहा ठेवलेला असायचा. निवलेला. मी तो तसाच प्यायचो. गरम करून दे, असं म्हणायला मला कधी तोंड झालं नाही.